वाकडा बाण

"पण चेअरमनकाका, बीडची ती कॉपी दुसऱ्या कंप्युटरवर कुणी कधी उघडून बघितलीय का?"

मागच्या ओळीतून मैत्रिणींनी ढोसलं होतं. लई हुशार हायेस ना, मग भर सभेत इचार, अशी पैजच लागली होती. शिवकन्यानं विचारलं. नववीतली पोर, दूध संस्थेच्या सभेत, त्यात सचिवाचीच लेक! माणसं हसली. सचिव रामहरी, तिचे वडील, तेही हसले.

वेळ मात्र हसण्याची नव्हती. दुष्काळाची चारा छावणी संस्थेनं चालवली होती. ऊसतोडीला गेलेली माणसं आपली चारशे जनावरं तिथं सोडून गेलती. कानातला कोणता पिवळा बिल्ला कुणाच्या जनावराचा, ती यादी वाळवीनं वह्या खाल्ल्यापासून फक्त कंप्युटरात होती. परवा लाइटीच्या झटक्यात कंप्युटर जळाला. आणि उद्या ऊसतोडीच्या टोळ्या माघारी येणार होत्या.

तरी चेअरमन अर्जुनराव निवांत होते. जिल्ह्यातल्या सगळ्या संस्थांच्या नोंदींची कॉपी बीडच्या मुख्य ऑफिसात, आगीतही न जळणाऱ्या कपाटात असायची. रामहरी दर शनिवारी एसटीनं जाऊन पेनड्राइव्ह पोचवत. निघण्याआधी संस्थेच्या कंप्युटरवर उघडून बघत. तीन वर्षांत एक शनिवार चुकला नव्हता. पोचपावत्यांची फाइल आत्ताही मांडीवर होती. कॉपी ते आजच बीडहून घेऊन आले होते.

"पोरीचं समाधान करा," अर्जुनराव म्हणाले.

शाळेचा लॅपटॉप आला. पेनड्राइव्ह लावला. यादीच्या फाइलीचं हिरवं चित्र दिसलं, खाली नावही बरोबर. रामहरींनी टिचकी मारली.

फाइल सापडत नाही.

पुन्हा मारली. पुन्हा तेच. आता कुणी हसत नव्हतं.

शिवकन्या पुढं सरकली. चित्राच्या कोपऱ्यात इवलासा वाकडा बाण होता. यंदाच शाळेत शिकवलं होतं, असा बाण दिसला की वस्तू तिथं नसते, वस्तूकडं जाणारी वाट तेवढी असते. ही वाट जळालेल्या कंप्युटराकडं जात होती. तीन वर्षं आबा बीडला नुसती वाट नेऊन देत होते, आणि बीडवाले ती कुलपात ठेवत होते.

"माझ्या पोराची गाभण गाय हाय त्यात," म्हातारी भिवराबाई उठली. "आता जो दांडगा, त्याची गाय का?"

हे असं करायला तुमाला शिकवलं कुणी, अर्जुनरावांनी विचारलं. रामहरींची नजर लेकीवर गेली आणि लगेच फाइलीवर आली.

"कुणी न्हाई. माझं मीच."

त्यांनी संस्थेच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

घरी आल्यावर ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले. शिवकन्याच्या आईनं, कौशल्याबाईनं ठेवलेला चहा तसाच गार झाला. शिवकन्या आतून कोरी वही घेऊन आली. ती दोघांसमोर उभी राहिली.

"आबा, माय, उद्या टोळ्या आल्या की छावणीच्या फाटकात मी बसणार. एकेक बिल्ला, एकेक मालक, गावासमोर इचारून लिहून घेणार. आन् लिहायच्या आधी सगळ्यांना सांगणार, सहावीत असताना आबांना ते चित्र पेनड्राइव्हवर ओढून टाकायला मीच शिकवलंतं."