रिकामं बटण

माय माणसांची नावं विसरायला लागली, तेव्हा वांकिडीतल्या माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी तिच्यासाठी एक पेटी बनवली. मैत्रिणींच्या घरांपर्यंत तारा ओढल्या. नाव आठवायला लागू नये म्हणून बटणांवर चित्रं काढली, वच्छलाबाईसाठी मिरची, रुख्मिणीसाठी कापसाचं बोंड. बटण दाबलं की पलीकडे घंटी वाजायची, आणि गप्पा सुरू व्हायच्या.

तिसरं बटण रिकामं होतं. त्याला तारच नव्हती.

माय दुपारभर तेच दाबून हसत बोलायची.

"कोणासंग बोलून राह्यली वं माय?"

"तुह्या बापासंग."

बाबांना जाऊन वर्षं झाली होती. घाबरून मी तिला आदिलाबादला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?" माय गप्प. "नवऱ्याचं नावही गेलं," डॉक्टर म्हणाले. मीही मान हलवली.

बाहेर येताच ती माझ्यावर कडाडली. "गेलं कुठी? जल्मात कधी त्यायचं नाव घेतलं नाही, ते आता परक्या माणसापुढं घेऊ? इसरला तर तू!"

तरीही घरी येऊन मी पेटीतून ते बटण उपटलं.

"उपट," माय म्हणाली. "पाहू तुह्यानं काय होते."

मग ती दाराकडे पाठ करून बसली आणि तिनं डोक्यावर पदर घेतला, जसा बाबा घरात आले की घ्यायची.

माझ्या मुठीतल्या बटणातून कोणीतरी खाकरलं.

"नागो, मायले माहं नाव पुसू नको."