स्वनातीत

सत्यभामाबाई गल्लीच्या तोंडाशी होत्या, तेव्हाच त्यांचं रडणं घरात येऊन बसलं. मग त्या आल्या. भेटायला येणारं सिहोरा गावातलं प्रत्येक माणूस याच क्रमानं येत होतं. आधी आवाज, मग माणूस.

वासुदेवराव खुर्चीत बसून चहावर धरलेली साय पाहत होते. पार्वताबाईंची राख सावडून झाली, तरी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं की तोंडातून शब्द. जन्मभर शेजारी ताट मांडून जेवलेली बायको गेली आणि छातीत काही हललंसुद्धा नाही. आपल्यात काहीतरी मुळातच बसवायचं राहून गेलं असावं, अशी त्यांना शंका येऊ लागली होती.

"रडा ना जी गुरुजी," सत्यभामाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "असं गोट्यावानी बसून राहाल त छातीत साचते. माह्या जेठाचं असंच झालं. जेठानी गेली, हे रडले नाही. दोघाइची तेरवी एकातच निपटली."

सून साधना शाळेत विज्ञान शिकवायची. सासऱ्यांना बोलतं करायचे सगळे उपाय तिनं करून पाहिले होते. शेवटी ती पुस्तक घेऊन आली. कोणी शब्दाचा अर्थ विचारला आणि सासरे गप्प बसले, असं या घरात आजवर झालं नव्हतं.

"मामाजी, स्वनातीत म्हणजे काय जी?"

सायीवरची नजर उठली.

"स्वन म्हणजे आवाज," वासुदेवराव म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज गंजलेला निघाला. "अतीत म्हणजे पलीकडे गेलेलं. आवाजाच्याही पुढं पळणारं विमान, ते स्वनातीत. इंग्रजीत सुपरसॉनिक. ते लॅटिनवरून आलं. त्यांचा सोनस आणि आपला स्वन, चुलतभाऊ."

चुलतभावाचं नाव निघताच दाराशी बसलेल्या दोघींनी कान टवकारले. त्यांना वाटलं, जमिनीच्या हिश्शाचं निघालं.

"मंग ते येते, त आयकू येत नाही?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"नाही. डोक्यावरून जाईपर्यंत सगळं शांत. निघून गेल्यावर आवाज येतो."

"गेल्यावर येऊन कोनाच्या कामाचा?"

वासुदेवरावांची सारी नोकरी वर्गात गेली, पण इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तेवढ्यात दारात भंडाऱ्याचा गोमाजी येऊन उभा राहिला. भांडी दुरुस्त करणारा माणूस. खांद्यावर पाणी भरायचा पितळी गुंड होता, पार्वताबाईंनीच पोचा काढायला दिलेला. बाहेर एवढ्या चपला पाहून त्याला वाटलं, घरात काही कार्य आहे.

"बाई कोठी हायेत? म्हनल्या होत्या, वाजवून दाखवशीन तवाच घेईन."

कोणी काही बोलायच्या आत त्यानं गुंड खाली ठेवला आणि बोटाच्या पेरानं एक ठोका दिला.

गुंड वाजला. स्वच्छ आणि लांब. आवाज ओसरीतून स्वयंपाकघरात गेला. तिथं कोणी नव्हतं. परत आला.

वासुदेवराव उठले. वाकून त्यांनी दोन्ही तळवे गुंडावर दाबले. आवाज थांबला.

तळवे थरथरतच राहिले.