दादाची शेवटची चाल

आरमारी लढाईचा तो जुनाट कॉम्प्युटर गेम सोडून दोघा भावांनी दुसऱ्या कशाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एकाने जहाजं हलवायची, तोवर दुसऱ्याने खोलीबाहेर थांबायचं. चाल झाली की आतून दारावर हलकी टकटक. जिंकलं की मुठीने धडाधड.

हरायची वेळ आली आणि थोरला नेमका मेला. धाकट्याचा संताप अजून निवत नव्हता.

"दादा, पळपुटा आहेस तू! खेळ ना आता!" आज रिकाम्या खुर्चीवर खेकसून तो बाहेर आला आणि त्याने धाडकन दार ओढलं.

"गेलेल्या माणसाशी कसलं भांडता? तो डबा द्या भंगारात," बायको म्हणाली.

"त्याची चाल राहिलीय. हरवल्याशिवाय सोडतो की काय त्याला!"

तेवढ्यात आतून दारावर मुठी बसू लागल्या.