वरचा तुकडा

“खालचा तुकडा तुमचा,” डॉक्टर म्हणाली. “वरचा दुसऱ्या बाईंचा.”

शिंपीणबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. एरवी पेशंटला प्रयोगशाळेत बोलावून काचेवरचा स्तनातल्या गाठीचा तुकडा दाखवायची पद्धत नव्हती. पण या बाई स्वतःचा रिपोर्ट मुठीत धरून तडक इथवर आल्या होत्या. कागदावर एका प्रथिनापुढे ‘तीन अधिक’ असं लिहिलेलं होतं, आणि हे प्रथिन वाढलं म्हणजे कारभार आटोपला, असं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. औषधं घेऊन अंथरुणात मरण्यापेक्षा मशीनवर बसून मरेन, असं त्यांनी घरी सांगूनही टाकलं होतं. खाली सही या डॉक्टरची होती, म्हणून एकदाच विचारायला आल्या होत्या, की काही चुकलं तर नाही ना.

त्या आल्या तेव्हा डॉक्टर गडबडली होती. सहा महिन्यांत तिने इथे हजारो पेशी पाहिल्या होत्या, त्या पेशींच्या मालकिणीशी मात्र आजच गाठ पडत होती. शेवटी काका मदतीला आले. काका म्हणजे इथले जुने तंत्रज्ञ, कांद्याच्या पापुद्र्यालाही जाड म्हणायला लावतील इतके पातळ काप काढणारे.

“वरचा तुकडा दाखवा त्यांना,” काका म्हणाले, आणि कपाटातून त्यांच्या काचेची पेटी काढायला स्टूल ओढून त्यावर चढले. हात उंच करायचा त्यांना भारी कंटाळा.

शिंपीणबाईंचा जीव टांगणीला लागलेला, पण नजर धंद्याची. “शर्ट कोणी शिवला हो? डावीकडे छातीत झोळ पडलाय.”

“शिंप्याची चूक नाही,” काका हसले. “त्याच्याकडचं माप जुनं, मग मीच बदललो.”

आता बाई बराच वेळ भिंगात बघत राहिल्या. प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कडं, कड्याला कडं लागलेलं. “जाळीचं कापड आहे हे,” त्या हळूच म्हणाल्या. “दोन्हीकडे एकच वीण.”

डॉक्टरला बरं वाटलं. ती जाळी पाहून तिचाही श्वास रोज सकाळी थांबत असे. प्रत्येक काचेवर वरच्या बाजूला याच एका जुन्या गाठीचा काप असायचा, साक्षीदारासारखा. त्याच्यावर रंग चढला, तर खालच्या तुकड्याचं म्हणणं खरं धरायचं. त्याच्यावर चढला नाही, तर तपासणी रद्द. सतरा वर्षं इथला प्रत्येक रिपोर्ट या एका बाईच्या शब्दावर बाहेर पडत होता. ती केव्हाच गेली असणार, हे डॉक्टरने मनाशी धरलं होतं. अशा गाठीला जुनी पुस्तकं दोन वर्षांपलीकडे फारसं काही देत नव्हती. म्हणून काच लावताना ती मनातल्या मनात त्या बाईला नमस्कार करायची.

तिने शिंपीणबाईंना समजावलं. पूर्वी हे प्रथिन म्हणजे वाईटच बातमी होती. मग नेमकं यालाच जाऊन चिकटणारं औषध निघालं. ज्या दारातून दुखण्याला बळ मिळायचं, त्याच दारावर ते पहारा बसवतं. खात्री कोणीच देणार नाही, पण तीन अधिक म्हणजेच तुम्हाला ते औषध लागू पडण्यासारखं आहे.

“ही वरची बाई वाचली का?”

हो म्हणायला काय जात होतं? शब्द डॉक्टरच्या ओठांवर आला होता. पण ज्या तुकड्याने सतरा वर्षं खोटं सांगितलं नाही, त्याच्यासमोर तिची जीभ रेटेना.

“माहीत नाही. रजिस्टरात फक्त नंबर आहे.”

“म्हणजे नाहीच.” बाई उठल्या. पर्स खांद्याला अडकवून दाराकडे निघाल्या. डॉक्टर त्यांच्यामागे दोन पावलं गेली. तिला रडू यायचंच बाकी होतं.

“पेशंटला ते औषध मिळालं होतं,” मागून काका म्हणाले. “तेव्हा नवीन होतं. वर्षभर, दर तीन आठवड्यांनी. पहिल्या वेळी थंडी वाजून येते, घाबरायचं नाही. एक शाल न्यायची बरोबर.”

शिंपीणबाई वळल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग काकांच्या शर्टाकडे. माप घ्यावं तशी नजर खांद्यापासून छातीपर्यंत एकदा उतरली. त्या परत आल्या, खुर्चीत बसल्या, आणि पर्स मांडीवर घेऊन त्यांनी डॉक्टरला विचारलं, “पहिलं इंजेक्शन कधी घ्यायचं?”

डॉक्टर चक्रावली. एवढं काय घडलं, हे तिला उमगेना. “काका, तुम्ही त्यांना ओळखता? सहा महिन्यांत बोलला नाहीत कधी. कुठे असतात त्या बाई?”

“सहा महिने तुम्हीच बाई-बाई म्हणताय, डॉक्टर,” काका म्हणाले, आणि उजव्या हाताने शर्टाची वरची बटणं काढून त्यांनी गंजीचा गळा डावीकडून खाली ओढला. झोळाखाली सपाट छातीवरून काखेपर्यंत एक जुना व्रण गेला होता.