ब्रँटचा गुडघा

ढिगाच्या तळाशी लायमनच्या हाताला शेवटी तो पाय सापडला.

वर दहा-बारा जण पालथे-उताणे पडले होते. नोव्हेंबर सरत आलेला. ओहायोतलं ते मैदान अर्धं चिखलाचं, अर्धं गोठलेलं. चेंडू कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि लायमनला त्याच्याशी कर्तव्यही नव्हतं. अमेरिकी फुटबॉलच्या हंगामातला हा शेवटचा सामना. आधीचे सगळे वेल्डन कॉलेजनं जिंकले होते. पोरं गावभर गात फिरली. लायमन मात्र दर विजयानंतर मुकाट खोलीवर जाऊन झोपला. त्याला हवा होता तो आजचा दिवस, आणि ग्रँटली कॉलेजचा हा धिप्पाड ऑगस्ट ब्रँट. गेल्या वर्षी अशाच ढिगाखाली ब्रँटच्या गुडघ्यानं लायमनच्या भावाची मान मोडली होती.

त्यानं ब्रँटचा घोटा काखेत घट्ट दाबला आणि गुडघ्यावर खांदा टेकवला. ब्रँटचं तोंड हातभर अंतरावर चिखलात होतं. त्यानं डोळे उघडले.

"तू एसाचा भाऊ ना?"

"हो."

"कसाय तो?"

"आई चमच्यानं भरवते. तोंडावर माशी बसली तरी हाकलता येत नाही त्याला."

वरचा एकेक जण उठू लागला होता. ओझं हलकं होत होतं, फटींतून उजेड आत येत होता.

"मग आटप की," ब्रँट म्हणाला. "पंच येतोय."

लायमननं सगळं अंग त्या पायावर झोकून दिलं. आवाज त्याला कानानं नाही, खांद्यातून ऐकू आला.

शिट्टी वाजली. पंचाला काहीच दिसलं नव्हतं. वेल्डनची पोरं टोप्या उडवत होती. कप्तान लायमनच्या पाठीवर थापा मारत ओरडला, "शाब्बास रे वाघा! आता कोण अडवतंय आपल्याला!"

चौघांनी ब्रँटला उचलून नेलं. तो एकदाही ओरडला नाही, याचाच लायमनला राग आला. वर्षभर त्यानं ती किंकाळी मनात ऐकली होती.

ब्रँटच्या जागी राखीव गडी आला. काटकुळा, जेमतेम मिसरूड फुटलेला. लायमनच्या अगदी समोर, रांगेत वाकून त्यानं पंजे चिखलात रोवले. ब्रँटसाठी रडून डोळे लाल झाले होते, पण आवाज शांत होता. घरच्यांची खुशाली विचारावी तसं त्यानं विचारलं,

"पुढच्या वर्षी आहेस ना तू संघात?"