उसाखालच्या कबरी

टीव्हीवर ऑक्टाव्ह नार्सिसचा चेहरा दिसला तसा कर्टिसनं हातातला कॉफीचा मग फेकून मारला. पडद्याला तडा गेला. म्हातारा तड्यामागून बोलतच राहिला.

कर्टिसच्या आईनं, मर्नानं, उठून टीव्ही बंद केला.

"तुलाही बघवत नाही ना त्याचं तोंड?" कर्टिस म्हणाला.

"काचा उचल," ती म्हणाली.

कर्टिस टॅल्बट लुइझियानातल्या नदीकाठच्या साखर कारखान्यात ट्रक चालवायचा. बायको सोडून गेल्यापासून तो आईकडेच राहत होता. बाप वारलेला. मर्नाला माहेर असं नव्हतंच. माझं कुणी उरलं नाही, असं तिनं लग्नातच सांगून टाकलं होतं.

कारखान्याचा ऊस ज्या जमिनीवर उभा होता, ती एके काळी एका गोऱ्या मालकाची होती. तिच्यावर राबणारी माणसंही त्यानं गुलाम म्हणून विकत घेतलेली. त्यांच्या वंशजांनी आता राज्याच्या आयोगापुढे मागणी ठेवली होती: उसाखाली आमच्या माणसांच्या कबरी आहेत, ती जमीन आम्हाला द्या. त्यांचा पुढारी होता ऑक्टाव्ह, नदीच्या वरच्या अंगाच्या गावातला निवृत्त शाळामास्तर. कारखान्याच्या मॅनेजरनं कामगारांना एवढंच सांगितलं होतं, की जमीन गेली तर कारखाना गेला.

"अंडी घ्यायची तर चारदा विचार करावा लागतो," कर्टिस काचा गोळा करत म्हणाला. "वादळात छप्पर उडालं, विमेवाल्यांनी हात वर केले. आणि सरकार भरपाई कुणाला देणार? दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्यांना. आपण कधी गुलाम पाळले होते का, आई? आपल्याकडे साधं कुत्रं टिकलं नाही."

मर्ना हसली नाही. "उद्या त्या सुनावणीला जाऊ नकोस."

"सगळे जाताहेत."

"त्या माणसाच्या वाटेला जाऊ नकोस, कर्टिस. सांगून ठेवते."

"घाबरतेस त्या काळ्याला?"

"हो."

सकाळी तिनं त्याच्या गाडीच्या किल्ल्या लपवल्या. तो मित्राच्या गाडीनं गेला.

सभागृहाबाहेर एका बाजूला कारखान्याचे कामगार, दुसऱ्या बाजूला वंशजांची पोरं. आधी शिव्या झाल्या, मग कुणीतरी बाटली भिरकावली. एका पोरीचं कपाळ फुटलं. पोलिसांनी दोन्हीकडे सारख्याच काठ्या चालवल्या आणि दारं उघडली.

ऑक्टाव्ह काठी टेकत पुढे आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"मला कुणाची दया नको," तो म्हणाला. "माझी पणजी त्या उसात राबली. मालक तिला दिवसा चाबकानं मारायचा आणि रात्री आपल्या खोलीत न्यायचा. म्हणून आमच्या घरात दर पिढीला एखादं लेकरू दुधासारखं गोरं निपजतं. मालकाचंच रक्त ते. तेव्हा साहेब, आम्हाला भिकारी समजू नका. वारस समजा."

अर्धं सभागृह हसलं. उरलेल्या अर्ध्यातून कर्टिस उठला. "तोंड सांभाळ, म्हाताऱ्या."

"तोंडच सांभाळत आलो, पोरा. चार पिढ्या," ऑक्टाव्ह म्हणाला.

हशा वाढला. पोलिसांनी कर्टिसला दंडाला धरून बाहेर काढलं.

तो घरी गेला नाही. मित्राच्या गाडीतून त्यानं चाक खोलायचा लोखंडी पाना घेतला आणि पार्किंगमध्ये उभा राहिला. तासाभरानं ऑक्टाव्ह एकटाच आपल्या गाडीकडे आला.

"आता बोल. कुणाचं रक्त?"

ऑक्टाव्हनं काठी उगारली. मग त्याची नजर कर्टिसच्या चेहऱ्यावर पडली आणि तिथंच खिळली. काठी हळूहळू खाली आली.

पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानामागे. म्हातारा दोन गाड्यांच्या मधे कोसळला. कर्टिस थांबला नाही. बरगड्या, गुडघा, तोंड. हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेला. तो धावत आला, कर्टिसला मागून मिठी मारली, तर त्याचंही मनगट मोडलं. तीन पोलिसांनी मिळून कर्टिसला डांबरावर दाबलं तेव्हा त्याचा शर्ट छातीपर्यंत लाल झाला होता. तो एकच विचारत होता, "त्यानं काठी का नाही मारली? उगारली होती ना."

दुसऱ्या दिवशी मर्ना त्याला कोठडीत भेटायला गेली. मधे जाड काच होती.

"वकील बघितलास?" कर्टिसनं फोनवर विचारलं.

"कुठल्या दवाखान्यात ठेवलंय त्याला?"

"मी इथं आत बसलोय आणि तू त्याची चौकशी करतेस?"

"कुठल्या, कर्टिस?"

"शहरातल्या मोठ्या." त्याचा आवाज खाली आला. "आई, तू माझ्या बाजूनं आहेस ना?"

मर्नानं काचेवर तळहात टेकवला, त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि फोन ठेवून निघाली.

दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या दाराशी एक पोलीस उभा होता. समोरच्या बाकावर ऑक्टाव्हची मुलगी यव्हेट बसली होती. बापाला उचलताना बाहीला लागलेलं रक्त वाळून काळं पडलं होतं. मर्नाला तिनं बातम्यांत पाहिलं होतं.

"तुम्ही त्याची आई."

"हो."

यव्हेट उठली आणि तिनं मर्नाच्या थोबाडीत मारली. चष्मा लांब जाऊन पडला. पोलीस पुढे सरसावला. मर्नानंच हातानं त्याला थांबवलं.

"माफी मागायला आला असाल, तर आल्या वाटेनं जा," यव्हेट म्हणाली.

"माफी मागायला नाही आले."

"मग कशाला? मेला की नाही ते बघायला?"

मर्नानं वाकून चष्मा उचलला. तेवढ्यात दार उघडून डॉक्टर बाहेर आले.

"फार वेळ नाही," ते यव्हेटला म्हणाले. "शुद्ध येते आणि जाते. घरच्यांपैकी कुणी असतील त्यांना घेऊन आत या."

यव्हेट आत वळली. मर्ना तिच्या मागोमाग निघाली. पोलिसानं दारात हात आडवा घातला.

"मॅडम, तुम्ही कुठं? फक्त घरची माणसं."

मर्नानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याच्या हातावरून ती यव्हेटला म्हणाली, "पोरी, त्याला सांग, धाकटी बहीण आलीय."