छत्तीसपैकी चार

लग्न जुळवताना हल्ली पत्रिकेऐवजी येतो तो प्रयोगशाळेचा अहवाल मधुमामांनी मोठ्याने वाचला. काचपट्टीवर भाची वैजूच्या बीजांडाभोवतालच्या द्रवाचा थेंब होता. त्याच्याकडे तिने पसंत केलेल्या शार्दूलचे जितके शुक्रजंतू पोहत आले, त्या प्रमाणात गुण. छत्तीसपैकी चार.

“जंतूंनीच पाठ फिरवली गं,” मामा म्हणाले. “मूल कसं व्हायचं? हे लग्न नको.”

“नाही झालं तर नाही. लग्न मी याच्याशीच करणार. तुमचे-मामींचे तेहतीस जुळले होते ना? मग दोघं एकमेकांशी बोलत का नाही?”

मामी कधी नव्हे त्या खळखळून हसल्या.

शार्दूल उठला आणि सगळ्यांदेखत वैजूला खेटून बसला. “थोडे तरी आलेच ना, मामा? लागतो एकच.”